दुसरं काही घेता का?

आत्याला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून साताऱ्याला परतत होतो. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा तिनं पर्समधून एक बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, लेबल नखानं खरवडून काढलेलं. झाकणात काहीतरी गढूळ, हिरवट-तपकिरी ओतलं, डोळे मिटले आणि एका घोटात संपवलं. मग बराच वेळ तोंड वाकडं. वास आल्यावर मला कळलं, गुळवेलीचा काढा. तासा-दोन तासांपूर्वीच संधिवाताच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "काकू, दुसरं काही घेता का? आयुर्वेदिक, होमिओपथी, घरगुती?" आणि आत्यानं पदर सावरत ताबडतोब उत्तर दिलं होतं, "छे हो, तुमचंच काय ते." मी म्हटलं, "अगं आत्या, मग हे काय?" तिनं झाकण रुमालानं पुसलं, बाटली परत पिशवीत गुंडाळली आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "हे काय औषध आहे होय? आपल्या परसातली वेल आहे ती."

खंबाटकीचा घाट उतरून गेलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. ती खोटं बोलली असं म्हणावं तर तसंही नव्हतं. तिच्या हिशेबी औषध म्हणजे ज्याला पाकीट असतं, तारीख असते, ज्याचं बिल येतं आणि जे घेताना भीती वाटते. काढा स्वयंपाकघरातला. तो आमसुलाच्या, हिंगाच्या, सुंठेच्या रांगेत बसतो. कोकमाचं सार प्यायलं हे डॉक्टरांना कुणी सांगतं का? सातारच्या घरामागे कडुलिंबाचं झाड आहे, त्यावर ही वेल आजोबांच्या काळापासून चढलेली आहे. लिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची, असं सगळे म्हणतात, म्हणून ओळखीपाळखीचे लोक कांडं मागायला येतात. खोडाला पातळ, कागदासारखी साल. ती सुटून येते आणि खाली हिरवं दिसतं. पानं हृदयाच्या आकाराची. वेल मध्येच कापली तर वरचा लोंबकळणारा भाग मरत नाही, तो सुतळीसारखी मुळं हवेतून खाली सोडत राहतो आणि एक दिवस जमिनीला टेकतो. लहानपणी आम्ही त्या मुळांना धरून ओढायचो आणि आत्या ओरडायची. तेव्हा तिच्या हातात जोर होता.

आता तिची बोटं पाहवत नाहीत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नाही. बांगड्या मनगटावरून निघेनात, म्हणून सुजेच्या दिवसांत सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. कुकरचं झाकण, नळाची चावी, ब्लाउजचे हूक, पोळीचा गोळा मळणं, एकेक काम तिच्या हातून निसटत गेलं. वय झालं की होणारी गुडघेदुखी वेगळी आणि हा संधिवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि वैद्य आमवात म्हणतात, तो वेगळा, हे घरातल्या सगळ्यांना समजायला फार वेळ लागला. हाडं झिजतात तो झिजेचा मामला. इथे शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आपल्याच घराला परकं समजते. त्यावर तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट असतं. घरात तिचं नाव 'रविवारची गोळी'. शेजारच्या केमिस्टनं एकदा सहज सांगून टाकलं की हीच गोळी मोठ्या मात्रेत कॅन्सरला देतात. तेव्हापासून आत्या ती गोळी देवापुढे ठेवून, नमस्कार करून घेते. गोळीची भीती आणि काढ्याचा भरवसा, या दोन्हींची मापं तिच्या मनात एकाच वेळी ठरली असावीत.

आणि गुळवेलीवर भरवसा ठेवायला तिला २०२० सालानं भरपूर कारण दिलं होतं. त्या वर्षी आमची वेल जवळजवळ नागडी झाली. रोज कुणीतरी मास्क लावून फाटकाशी उभं. काढ्याच्या कृती मोबाइलवरून फिरत होत्या, सरकारी पत्रकांतही गुळवेल होती, दुकानांत गिलॉयच्या, म्हणजे गुळवेलीच्याच, गोळ्या मिळेनाशा झाल्या. त्याच उन्हाळ्यात आत्याची दुसरी गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बाजारातून गायब झाली, कारण तीही करोनावर चालते अशी आवई उठली होती. ज्यांना खरंच रोज लागते ते संधिवाताचे आणि ल्युपसचे (तोही असाच राखणदार उलटल्याचा आजार) रुग्ण दुकानोदुकानी फिरत होते. मी स्वतः साताऱ्यात आणि वाईत मिळून किती दुकानं पालथी घातली त्याला गणती नाही. म्हणजे डॉक्टरांचं औषध मिळेना आणि परसातली वेल हाताशी. अशा वेळी माणूस कशाला टेकेल?

पण त्याच सुमारास मुंबईत काही यकृततज्ज्ञांच्या नजरेला वेगळंच काही येत होतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत त्यांच्याकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले, ज्यांच्यात समान धागा गुळवेलीचा होता. यकृताचा तुकडा तपासल्यावर जे चित्र दिसलं ते ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या जवळचं, म्हणजे राखणदारानं यकृतावर उलटावं तसं. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं लगेच पत्रक काढलं की गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे. डॉक्टरांनी नेमकी वनस्पती ओळखली का, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत तर झाली नाही ना, असे प्रश्न विचारले. प्रश्न रास्त होता. दुसरी जात खरोखर आहे, तिच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हा या उत्तरानं भागेना. त्या अहवालातली जी गोष्ट मला आत्याच्या बाटलीपाशी परत आणते ती अशी, की त्यांतल्या काहींना आधीपासून थायरॉइडचा किंवा तसलाच एखादा ऑटोइम्यून आजार होता. म्हणजे आत्यासारखीच माणसं.

अहवाल वाचून मी परसात जाऊन आमच्या वेलीचं खोड बोटांनी चाचपून पाहिलं. पुटकुळ्या नाहीत. वेल अस्सल आहे. त्यानं धीर यावा की काळजी वाढावी, हे काही कळेना.

प्रतिकारशक्ती वाढवणारी वेल आणि प्रतिकारशक्तीच उलटलेला आजार, यांचं गणित बसवायला गेलं की पहिल्यांदा सरळ वाटतं. आगीत तेल कशाला? मीही आत्याला असंच म्हणून पाहिलं. पण वाचत गेले तसं ते इतकं सरळ राहिलं नाही. गुळवेलीची तपासणी मुंबईतच, केईएम रुग्णालयात, फार आधी झालेली आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायची तर त्यांच्या पांढऱ्या पेशी मरगळलेल्या असतात, जंतू पसरून रुग्ण दगावतो. त्यांनी ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, अँटिबायोटिक, पित्ताचा निचरा. एका गटाला त्याखेरीज गुळवेल. रक्तात जंतू पसरल्याची लक्षणं गुळवेलीविना असलेल्या गटात निम्म्या रुग्णांत दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. १९९३ साली हे छापून आलं, शल्यविशारद डॉ. रवी बापटांचं नावही त्या निबंधावर आहे. गट लहान होते, पण पद्धत बघा. कुणाचंही औषध बंद केलं नाही, वेलीला एकटीला रणात उतरवलं नाही, डॉक्टरी उपचारांच्या बाजूला उभं करून विचारलं की तुझ्यामुळे काही फरक पडतो का? एकाच शहरात एका पिढीनं काविळीच्या रुग्णांना गुळवेल देऊन जीव वाचल्याचं लिहिलं आणि पुढच्या पिढीनं गुळवेलीनंतर कावीळ झाल्याचं लिहिलं. दोघांवरही माझा विश्वास आहे, आणि तिथेच पंचाईत आहे.

संधिवातासाठीचं काम मात्र पुण्याचं. आपल्या इतक्या जवळ हे चाललेलं असताना मला त्याचा पत्ता नव्हता, याचं नवल वाटतं. उजनीच्या फुगवट्याकाठचं भिगवण आपल्याला रोहित पक्ष्यांसाठी माहीत. तिथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर जाऊन सांध्यांची दुखणी मोजली. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली. आत्याच्या प्रकारचा संधिवात साधारण दोनशेत एकाला निघाला. आकडा लहान वाटतो, पण आपल्या गावाची लोकसंख्या घेऊन भागून पाहिलं की किती घरांत सकाळी मूठ मिटत नसेल ते लक्षात येतं. त्याच चमूनं एका वनौषधी मिश्रणाची चाचणी केली. अश्वगंधा, सालईचा डिंक, सुंठ आणि हळद. १८२ रुग्ण, १६ आठवडे, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत काहीच नसलेली. २००० साली निकाल छापला. खऱ्या गोळीच्या गटात सांध्यांची सूज जास्त उतरली. पण खोट्या गोळीचे रुग्णही चांगलेच सुधारले होते, इतके की बाकीच्या बऱ्याच मोजमापांत दोन गटांत फारसं अंतरच उरलं नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटावं तशी स्क्रीन बंद केली. आत काहीच नसलेली गोळी घेऊन सुजलेली माणसं बरी कशी वाटतात? भोंदूगिरी वगैरे काही नव्हती. हा आजारच भरती-ओहोटीचा. माणूस चाचणीत नाव कधी घालतो, तर दुखणं अगदी असह्य झाल्यावर, आणि तिथून ते आपोआप थोडं ओसरतंच. त्यात कुणीतरी दर काही आठवड्यांनी बसवून घेतं, २८ सांधे एकेक करून दाबून बघतं, विचारतं. बटणं लावता येतात का, भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का, खाली बसून उठता येतं का? आत्याला आमच्या घरात एवढं बारकाईनं कुणी कधी विचारलेलं नाही. (त्या २८ सांध्यांत पावलं धरत नाहीत, आणि आत्याचं सगळ्यांत जास्त दुखतं ते पावलांत. तिला हे सांगितलं तर ती सगळ्या शास्त्रावरच पाणी सोडेल, म्हणून सांगितलेलं नाही.) पण याचाच अर्थ असा की "मला काढ्यानं बरं वाटतं" हे आत्याचं वाक्य खरं असूनही काढ्याबद्दल काही सांगत नाही. माझा पेशा लेखापरीक्षणाचा. खर्च झालेला दिसतो, मालही आलेला दिसतो, पण तो माल त्या खर्चानंच आला याची पावती फाइलला नसते, तेव्हा आम्ही 'खोटं आहे' असा शेरा मारत नाही. 'पडताळणी होऊ शकली नाही' असं लिहितो. आत्याच्या काढ्यावर माझा शेरा तोच.

पुढची चाचणी जास्त धीट होती. सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या एका मोठ्या प्रकल्पात संधिवाताच्या १२१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला सुंठ-गुळवेलीवर आधारलेलं मिश्रण, दुसऱ्याला नुसता बिब्बा आणि तिसऱ्याला आत्याचीच ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हो, बिब्बा! ज्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात आणि ज्याच्या तेलाचा थेंब अंगावर पडला तर उततो, फोड येतात, तोच. आजीच्या टाचांच्या भेगांत बिब्बा भरताना आत्या लहानपणी पळून जायची, म्हणून त्याचं नाव काढलं तरी ती आजही पाय आखडून घेते. २४ आठवड्यांनंतर ठरावीक मापानं निदान वीस टक्के सुधारणा झालेले रुग्ण मोजले, तर मिश्रणाच्या गटात ४४ टक्के, बिब्ब्याच्या ३६ टक्के आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या ५१ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या भाषेत या तिघांत ठाम फरक म्हणता येत नाही. ते वाचून उत्साही माणूस म्हणेल, बघा, वेल गोळीच्या तोडीस तोड! खवट माणूस म्हणेल, पहिले १६ आठवडे सगळ्यांनाच वेदनाशामक चालू होतं, तपासणाऱ्या डॉक्टरांना गट माहीत नसला तरी रुग्णाला अंदाज येऊ शकत होता, तिसरा-चौथा हिस्सा रुग्ण मध्येच गळाले आणि कोरी गोळी मिळालेला गट तर नव्हताच. मी दोन्ही माणसं आलटून पालटून होते. सकाळी एक, रात्री दुसरी.

या तुलनेत एक गंमत आहे, ती मला फार आवडली. गुळवेलीसमोर ज्या 'डॉक्टरी' गोळीला उभं केलं तिचंही मूळ झाडातच आहे. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन आलं. १८९४ साली लंडनमध्ये पेन नावाच्या डॉक्टरांनी ते ल्युपसच्या रुग्णांना देऊन पाहिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलेरिया होऊ नये म्हणून सैनिकांना मेपाक्रिन दिलं गेलं, तेव्हा काहींचे सांधे आणि कातडीवरचे चट्टेही सुधारल्याचं लक्षात आलं. त्या वाटेनं, रसायनशाळेत घडत-बदलत, १९५५ च्या सुमारास हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बाजारात आली. म्हणजे ही लढत परसातल्या वेलीची आणि प्रयोगशाळेची नव्हतीच. एक झाड परीक्षांमागून परीक्षा देत गोळीपर्यंत पोचलं होतं, डोळ्यांच्या पडद्यावर होणारा त्याचा दुष्परिणामही लोकांना ठाऊक झाला होता, त्यासाठी आत्याचे डोळे ठरावीक काळानं तपासतात. दुसरं झाड अजून परीक्षेच्या दाराशी होतं.

आमच्या नात्यात एक वैद्य आहेत. त्यांच्यापुढे हे सगळं मांडलं तर ते मान हलवतात. "अगं, आमवाताला एकच औषध सगळ्यांना कसं देशील? आम, म्हणजे न पचता अंगात साठलेलं, असेल तर लंघन, दीपन-पाचन आधी. प्रकृती बघायची, अग्नी बघायचा, ऋतू बघायचा. गुळवेल सुटी काढून कॅप्सूलमध्ये भरलीस की ते आयुर्वेद राहत नाही." त्यांचं म्हणणं मला पटतंही आणि पळवाटही वाटते. पण या पळवाटेलाही उत्तर शोधलेलं आहे. कोइमतूरमध्ये वैद्य आणि अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ एकत्र बसले. ४३ रुग्ण, ३६ आठवडे. वैद्यांनी प्रत्येकाची तपासणी करून हवी ती औषधं लिहायची, हवी तेव्हा बदलायची. मात्र एका गटाला वैद्यांची खरी औषधं आणि मेथोट्रेक्सेटची खोटी गोळी. दुसऱ्याला उलट, खरं मेथोट्रेक्सेट आणि वैद्यांच्या औषधांची हुबेहूब नक्कल. तिसऱ्याला दोन्ही खरी. यातला मला सगळ्यांत मोहवणारा भाग म्हणजे नकली औषधं. ज्यात औषध नाही पण औषधासारखा दिसेल असा काढा कुणीतरी बसून बनवला असणार. कडू किती करायचा यावर वाद झाले असतील. २०११ साली निकाल आला, तिन्ही गट जवळपास सारखे. एवढ्या लहान गटांत दुसरं काही दिसणं अवघडच. पण वैद्यांना त्यांच्या पद्धतीनं वागू देऊनही चाचणी करता येते, हे सिद्ध झालं. आमचे वैद्य यावर म्हणाले, "हं." त्यांच्या बाजूनं एवढी कबुली पुष्कळ.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा आत्याच्या मनातला समज मोडायचा तर चीनमधल्या एका वेलीकडे बघावं. ट्रिप्टेरिजियम नावाची ही वेल तिथे संधिवातावर वापरतात. अमेरिकेत तिचा अर्क एका प्रचलित औषधाशी, सल्फासालाझिनशी, ताडून पाहिला. २००९ सालच्या निकालात वीस टक्क्यांच्या मापावर अर्काचे ६५ टक्के आणि सल्फासालाझिनचे ३३ टक्के रुग्ण उतरले. पाच वर्षांनी चीनमधल्या २०७ रुग्णांच्या चाचणीत मेथोट्रेक्सेट आणि ही वेल एकत्र दिली, तेव्हा पन्नास टक्के सुधारणेच्या जास्त कडक मापावरही ७७ टक्के रुग्ण पास झाले. एकट्या मेथोट्रेक्सेटवर तो आकडा ४६ होता. पूरक उपचार म्हणतात तो हाच. पण हीच वेल बायकांची पाळी बिघडवते, पुरुषांचं वीर्य क्षीण करते, इतकी की तिच्याकडे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनही शास्त्रज्ञांनी पाहिलं. पानं, फुलं, मुळाची साल विषारी. जिच्यात गुण आहे तिच्यात धारही आहे. गुळवेलीत गुण आहे असं आत्या ठामपणे म्हणते, तेव्हा धार असण्याची शक्यता तिनंच मान्य केलेली असते, फक्त तिला ती दिसत नाही.

पुड्यांचं मात्र वेगळं. बाजाराच्या दिवशी चौकात मिळणारं, तीन दिवसांत सांधे मोकळे करणारं चूर्ण आमच्याकडेही येऊन गेलं. असल्या पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, हे डॉक्टर आणि वैद्य दोघंही सांगतात. चौथ्या दिवसापासून भूक वाढते, चेहरा सुजतो. त्यावर जास्त लिहीत नाही, ती सरळ फसवणूक आहे. आत्याची बाटली फसवणूक नाही, म्हणून तर ती अवघड.

ती किती अवघड, ते पुढच्या तपासणीत कळलं. आत्याच्या रक्तात यकृताचे आकडे वाढलेले आले. एसजीपीटी दुपटीच्या वर. मेथोट्रेक्सेटनं असं होतं, म्हणून तर दर काही महिन्यांनी ही तपासणी करायची असते. डॉक्टरांनी रविवारची मात्रा निम्मी केली. त्यांच्यासमोरच्या कागदावर संशयित एकच होता, त्यांनी त्यालाच धरलं. दुसरा संशयित पर्समध्ये गुंडाळून ठेवलेला होता. या वेळी मात्र मी आत्याकडे पाहिलं, आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं आणि मी डॉक्टरांना सांगून टाकलं. ते चिडतील असं आम्हा दोघींना वाटलं होतं. ते नुसतेच मागे रेलले आणि म्हणाले, "किती? कधीपासून? उकळून की अर्क?" यातल्या एकाचंही नीट उत्तर आत्याकडे नव्हतं. मूठभर कांडं, भांडंभर पाणी, अर्धं आटेपर्यंत. कधी रोज, कधी पाहुणे असले की नाही. कांडं कोवळं की जून, ते माळ्याच्या कात्रीवर. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'गुळवेल काढा, प्रमाण अनिश्चित', आणि खाली रेघ मारली.

काढा बंद झाला. पुढच्या खेपेला आकडे खाली आले. आता सांगा, कुणामुळे? काढा बंद केला म्हणून, की गोळी निम्मी केली म्हणून? दोन्ही एकदम झाल्यामुळे ते कधीच कळणार नाही. एकट्या माणसावर, एका वेळी दोन गोष्टी बदलून, काहीही कळत नसतं. आत्या म्हणते गोळीच वाईट. तिची थोरली सून म्हणते मी तर आधीपासून सांगत होते, तो काढा नको. गोळी निम्मी झाल्यावर बोटांची सूज परत वाढली, ती वेगळीच. कदाचित निर्दोष असलेल्या गोळीची मात्रा त्या न सांगितलेल्या बाटलीपायी कमी झाली असेल. किंवा बाटली निर्दोष असेल आणि आम्ही एका बाईचा एवढासा विसावा हिरावून घेतला असेल. कडू घोट गिळून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आपल्या हातात असल्याचं जे समाधान यायचं, ते रविवारच्या गोळीनं कधी आलेलं मी पाहिलेलं नाही.

मोठी, नीट चाचणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. मेथोट्रेक्सेट चालूच ठेवून, त्यावर अर्ध्यांना ओळख पटवलेल्या, प्रमाण ठरवलेल्या गुळवेलीचा अर्क आणि अर्ध्यांना कोरी गोळी, दर महिन्याला यकृताचे आकडे, आणि निकाल काय येईल तो, आवडो न आवडो, छापायचा. पण पैसे कोण घालणार? कुंपणावर फुकट वाढणाऱ्या वेलीची मालकी कुणालाच मिळणार नाही, म्हणून कंपन्यांना फारशी गोडी नाही. सरकारला वेलीचा अभिमान आहे. अभिमान असलेल्या गोष्टीला परीक्षेला बसवताना आपला हात कचरतो. ती नापास झाली तर? इथे मी सरकारलाच दोष देते असं नाही. आमच्या घरातही तेच आहे.

परवा फोनवर मी आत्याला विचारलं, अशी चाचणी निघाली तर तू नाव देशील का? तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. फुकट तपासण्या, महिन्याला गाडीभाडं, डॉक्टर बसवून सगळं विचारणार, हे तिला पसंत पडलं. पावलांचंही विचारतील का, म्हणाली. मग दोन गोळ्यांचं सांगितलं, एक खरी, एक कोरी, कुणाला कुठली ते शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही.

"त्यांना सांग, गुळवेलीची देणार असाल तर येते," आत्या म्हणाली. "कोरी देणार असाल तर आधी कळवा. मी घरून बाटली भरून आणीन."